सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला मराठी मजकूर : ग्रामीण इतिहासाच्या साधनांचा एक अभ्यास
(विशेष संदर्भ : वडवणी, जि. बीड)

प्रस्तावना :

इतिहासलेखन साधनांवर अवलंबून असते आणि साधन उपयोगी पडण्यासाठी ते केवळ टिकून असणे पुरेसे नसते. ते वाचता आले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हा संशोधकांपुढील प्रश्न वाड्यांच्या माळ्यांवर पडून राहिलेल्या मोडी दफ्तरांचा होता. वाळवी, ओल आणि उपेक्षा हे त्या कागदांचे शत्रू होते. आजच्या संशोधकापुढे त्याच जातीचा, परंतु वेगळ्या रूपातील प्रश्न उभा आहे. साधारणपणे १९९० ते २०१० या दोन दशकांत महाराष्ट्रात जो मराठी मजकूर संगणकावर तयार झाला, त्याचा फार मोठा भाग अशा फाइलींमध्ये आहे, की ज्या उघडल्या तरी वाचता येत नाहीत. मजकूर नष्ट झालेला नाही, मात्र तो सॉफ्टवेअरमध्ये अडकला आहे.

प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयाची तांत्रिक बाजू मांडली आहे. परंतु वडवणीसारख्या लहान तालुक्याचा इतिहास उद्या लिहावयाचा झाल्यास त्याची साधने कोणत्या अवस्थेत असतील, हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांनीच विचारावयास हवा.

उद्दिष्टे :

१) मराठी संगणकीय लिपीच्या विकासाचे टप्पे थोडक्यात नोंदविणे.
२) जुन्या फाइलींतून उपयोगी माहिती काढताना येणाऱ्या अडचणींचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) या अडचणींचा ग्रामीण इतिहासलेखनावर होणारा परिणाम तपासणे.
४) महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगे उपाय सुचविणे.

व्याप्ती व पद्धती :

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तांत्रिक बाबी इतिहासाच्या अभ्यासकास आवश्यक तेवढ्याच घेतल्या आहेत.

१. वडवणी परिसरातील साधनांचे थर :

वडवणी हा बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी एक तालुका आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांचा परिसर, कोरडवाहू शेती आणि दरवर्षी ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर ही बीड जिल्ह्याच्या सामाजिक जीवनाची ठळक वैशिष्ट्ये होत. या भागाच्या इतिहासाची साधने एकाच लिपीत किंवा एकाच भाषेत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. खाजगी व्यवहाराची आणि देशमुख-देशपांड्यांच्या दफ्तरांची लिपी मोडी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर देवनागरीतील मराठी हीच क्रमाने शासनव्यवहाराची भाषा बनली.

या प्रत्येक संक्रमणात आधीची साधने वाचणारी माणसे कमी होत गेली. त्याचे सामाजिक परिणाम अलीकडेच दिसून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तेव्हा तहसील कार्यालये, शाळा व अभिलेखागारांतील मोडी, उर्दू व फारसी कागद वाचणाऱ्या जाणकारांची गरज एकाएकी निर्माण झाली. या विषयातील राजकीय मतभेद बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते : जो कागद कोणास वाचता येत नाही, तो हक्कासाठी पुढे करता येत नाही आणि इतिहासासाठीही वापरता येत नाही.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांची कापडावर लिहिलेली 'पासोडी' प्रसिद्ध आहे. चार शतकांनंतरही ती वाचता येते, कारण तिची लिपी जाणणारी माणसे आहेत आणि अक्षर व वाचक यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. याउलट वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या डीटीपी केंद्रात जुळविलेल्या ग्रामदैवताच्या यात्रेची पुस्तिका, पतसंस्थेचा अहवाल किंवा महाविद्यालयाचे वार्षिक यांची मूळ फाइल आज उघडली असता पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हांची निरर्थक गर्दी दिसते. हा थर मोडी व उर्दूच्या थरांपेक्षा कितीतरी नवा आहे आणि तरीही अधिक दुर्बोध आहे.

२. एक परदेशी उदाहरण : भूमिका-खेळांचे सॉफ्टवेअर :

सॉफ्टवेअरमधून माहिती बाहेर काढण्याची अडचण ही केवळ मराठीची नाही. तिचे एक बोधप्रद उदाहरण अनपेक्षित क्षेत्रात, मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांच्या क्षेत्रात, सापडते. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राचे बळ, बुद्धी, कौशल्ये, शस्त्रे यांच्या नोंदी एका कागदावर ठेवतो. खेळ वर्षानुवर्षे चालत असल्याने हा कागद म्हणजे त्या पात्राचे चरित्रच होय. आपल्याकडील सारीपाटात डावाची स्थिती पटावर उघड मांडलेली असते. येथे ती नोंदवहीत असते.

पुढे या नोंदी ठेवण्यासाठी सॉफ्टवेअर आले. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ मध्ये, 'रोल ट्वेंटी' २०१२ मध्ये आणि 'फाउंड्री' २०२० मध्ये उपलब्ध झाले. एका प्रणालीतील पात्र दुसऱ्या प्रणालीत न्यावयाचे म्हटले, की अडचण सुरू होते. खेळाडूस पडद्यावर जे आकडे दिसतात त्यांपैकी अनेक आकडे फाइलीत साठविलेले नसतात. साठविलेल्या असतात त्या खेळाडूने केलेल्या निवडी, आणि आकडे सॉफ्टवेअर आपल्या नियमसंचावरून त्या त्या वेळी काढून दाखविते. नियमसंच नसेल तर फाइल हातात असूनही पात्र हाती लागत नाही. पीडीएफ काढली तर आकडे दिसतात, परंतु ते कोणत्या बाबीचे आहेत हे पुढील यंत्रास कळत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या सशुल्क सेवेतील पात्रनिर्मितीचे साधन पुढे मायक्रोसॉफ्टच्या 'सिल्व्हरलाइट' या तंत्रावर नेण्यात आले. ते तंत्रच कालबाह्य होत गेल्याने १ जानेवारी २०२० पासून ती सेवा बंद झाली. ज्यांनी आपल्या नोंदी वेळेत बाहेर काढून ठेवल्या नाहीत, त्यांच्या हाती काही उरले नाही.

या उदाहरणातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पडद्यावर दिसणारे आणि फाइलीत साठविलेले या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी, फाइल वाचण्यासाठी लागणारे ज्ञान बहुधा फाइलीबाहेर असते. तिसरी, ते ज्ञान एखाद्या व्यापारी संस्थेच्या ताब्यात असल्यास तिच्या निर्णयाबरोबर ते नाहीसे होऊ शकते. या तिन्ही गोष्टी मराठी मजकुराला तंतोतंत लागू पडतात. फरक इतकाच की तेथे खेळातील कल्पित पात्रे हरवली. येथे खऱ्या गावांच्या नोंदी हरवत आहेत.

३. मराठी संगणकीय लिपीचे टप्पे :

पहिला टप्पा भारतीय तंत्रज्ञांच्या मूलभूत कामाचा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कानपूरच्या आयआयटीमध्ये देवनागरी संगणकावर काम सुरू झाले. त्यातून 'जिस्ट' हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे डॉस प्रणालीवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. तिचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात अक्षराची आकृती साठविली जात नसून वर्ण साठविला जात असे. 'कि' लिहिताना ह्रस्व वेलांटी कागदावर आधी दिसत असली तरी साठवणुकीत आधी 'क' आणि नंतर इकार, असा उच्चारानुसारी क्रम राखला जाई.

दुसरा टप्पा विंडोज व डीटीपीचा होय. विंडोज आल्यावर जिस्ट कार्डाचे महत्त्व संपले. त्या काळी सामान्य फाँटमध्ये २५६ पेक्षा कमी जागा उपलब्ध असत व त्या रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या होत्या. फाँट तयार करणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीची अर्धी-पूर्ण अक्षरे, काने, मात्रा व वेलांट्यांचे तुकडे बसविले. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहिला. फाँटमुळे तो डोळ्यांना मराठी दिसू लागला. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्ही-टीटी मालिकेतील फाँट, शिवाजी, कृतिदेव अशी अनेक कुळे निर्माण झाली आणि प्रत्येकाने तुकड्यांची मांडणी आपापल्या सोयीने केली. पेजमेकरच्या साहाय्याने छपाईसाठी पाने जुळविणे स्वस्त व सुलभ झाले आणि तालुक्याच्या गावीही डीटीपी केंद्रे उभी राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात मुद्रणाचा जो विस्तार झाला, त्यात या फाँटचा वाटा मोठा आहे, हे नमूद केलेच पाहिजे.

तिसरा टप्पा युनिकोडचा आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर आधारलेली होती. परंतु सामान्य वापरकर्त्यापर्यंत ती पोहोचली विंडोज २००० व त्यानंतरच्या आवृत्त्यांमुळे. त्यासोबत आलेला 'मंगल' हा फाँट प्रसिद्ध अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे युनिकोडमधील मराठीचे एक प्रारंभीचे मोठे उदाहरण. मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये. तरीही छपाईचे व्यवसाय आणि अनेक कार्यालये पुढे बरीच वर्षे जुन्याच फाँटवर काम करीत राहिली, कारण टंकलेखकांच्या बोटांना तीच मांडणी सवयीची होती आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते.

या इतिहासातील एक विसंगती लक्षणीय आहे. पहिल्या टप्प्यातील इस्की मजकूर आज तुलनेने सहज युनिकोडमध्ये आणता येतो, कारण दोन्हींचे तत्त्व एकच आहे. त्यानंतरचा, अधिक देखणा व विपुल मजकूर मात्र दुर्गम झाला आहे. म्हणजे काळाच्या ओघात जुने गेले व नवे राहिले असे घडलेले नाही. ज्याची रचना मानकावर आधारलेली होती ते राहिले. ज्याची रचना केवळ दिसण्यावर आधारलेली होती ते अडकले.

४. माहिती काढण्यातील प्रत्यक्ष अडचणी :

अ) फाँटची ओळख : फाइल ज्या फाँटमध्ये तयार झाली तो संगणकावर नसेल, तर मजकूर ओळखता येत नाही. एकाच फाँटकुळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्येही मांडणी बदललेली आढळते. काही सॉफ्टवेअर संगणकाला जोडावयाच्या कुलूप-यंत्राशिवाय चालत नसे. ते यंत्र हरवले वा बिघडले की परवानाधारकासही आपलीच फाइल दुरापास्त होते.

आ) क्रमाचा प्रश्न : कृतिदेवमध्ये 'कि' हे अक्षर रोमन 'एफ' व 'डी' या क्रमाने साठविले जाते, कारण वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा करावा लागतो. जोडाक्षरापूर्वीची वेलांटी संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पुढे न्यावी लागते, तर रफार मागे आणावा लागतो. येथे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर हमखास अडखळते.

इ) खास मराठी रूपे : 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र हिंदीसाठी तयार झालेल्या रूपांतरकांना ठाऊक नसतो. युनिकोडमध्येही तो दोन वेगळ्या पद्धतींनी साठविला जाऊ शकतो; त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द शोधयंत्राला भिन्न वाटतात. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले आढळते.

ई) पीडीएफ व प्रतिमा : पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे दिसते, त्यामुळे मजकूर सुरक्षित असल्याचा समज होतो. परंतु त्यातील एखादे वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले असता पुन्हा रोमन चिन्हेच हाती येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात ठेवले जाऊ लागले. ही मोठीच सोय झाली. तथापि जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मराठी प्रबंध तेथे दिसतो, पण त्याच्या अंतरंगात शब्दाने शोध घेता येत नाही.

उ) अक्षर-ओळख : पानाच्या प्रतिमेवरून अक्षरे ओळखणारी साधने आता बरीच सुधारली आहेत. २००५ मध्ये मुक्त झालेल्या 'टेसेरॅक्ट' या साधनाच्या २०१८च्या आवृत्तीत मराठीसाठी उपयुक्त सोय आहे. तरी 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'थ' व 'य' यांची गल्लत संभवते आणि इतिहासकाराच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे '१' व '९' यांची. शब्दातील चूक संदर्भावरून लक्षात येते. सनावळीतील चूक लक्षात येईलच असे नाही.

ऊ) तक्त्यांचा लोप : मतदानाचे आकडे, शाळेतील पटसंख्या, पाणीटंचाईच्या काळातील छावण्यांची यादी यांसारखी माहिती तक्त्यांत असते. पेजमेकरमध्ये असे तक्ते बहुधा मोकळ्या जागा सोडून रचलेले असत. मजकूर बाहेर काढताना रकाने मोडतात आणि कोणता आकडा कोणत्या गावाचा, हे कळेनासे होते. शिवाय पेजमेकरची २००१ मधील सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली आणि त्याच कंपनीच्या इनडिझाइनच्या नंतरच्या आवृत्त्यांनी पेजमेकरची फाइल उघडणे सोडून दिले.

५. सातबाऱ्याचा धडा :

या संदर्भात भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा इतिहास उद्बोधक आहे. केंद्र शासनाच्या साहाय्याने १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात हे काम सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. कालांतराने राज्यभर सातबारा संगणकावर आला आणि पुढे ई-फेरफार प्रकल्पात युनिकोडचा स्वीकार झाला. या प्रवासात हस्तलिखित सातबारा व संगणकीकृत सातबारा यांत तफावती आढळल्या. त्या दूर करण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी-वाचन घेण्यात आले. संगणकातील नोंदी ग्रामस्थांसमोर वाचून दाखविणे व हस्तलिखिताशी पडताळून पाहणे, असे त्याचे स्वरूप होते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ चा आधार उपलब्ध होता.

येथे तीन गोष्टी एकत्र आल्या : मूळ हस्तलिखित जपून ठेवलेले होते, चूक कोणती हे सांगणारा खातेदार हयात होता, आणि दुरुस्तीची कायदेशीर वाट होती. गावाच्या सामाजिक व सांस्कृतिक इतिहासाच्या साधनांना यांतील एकही आधार नाही. जमिनीच्या नोंदीत एक अक्षर चुकले तर खातेदार तहसीलच्या पायऱ्या झिजवितो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी एके काळी चाललेल्या हंगामी शाळेचा अहवाल वाचता येईनासा झाला, तर तक्रार करणारे कोणीच नसते. सातबाऱ्याला मालक आहे. अशा कागदांना मालक नाही. ते मालकीपण महाविद्यालयांनी स्वीकारावे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

६. उपाययोजना :

१) परिसरातील डीटीपी केंद्रे, मुद्रणालये, पतसंस्था व शाळा यांच्याकडील जुन्या फाइलींची गावनिहाय यादी करावी. जुने संगणक भंगारात जाण्यापूर्वी हे काम होणे आवश्यक आहे.
२) प्रत्येक फाइलीसोबत तिचा फाँट, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, तयार करणारी संस्था व अंदाजे वर्ष यांची टिपणी ठेवावी. जुन्या कागदाबरोबर त्याचे प्राप्तिस्थान नोंदविण्याची जी शिस्त इतिहासक्षेत्रात रुजली आहे, तीच येथे लागू करावयाची आहे.
३) मूळ फाइल जशीच्या तशी जपून तिचे युनिकोड रूपांतर स्वतंत्र ठेवावे. रूपांतर म्हणजे मूळ नव्हे, हे सदैव स्मरणात असावे.
४) रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहावा, विशेषतः व्यक्तिनामे, ग्रामनामे, सनावळी व आकडे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. चावडी-वाचनाप्रमाणे एकाने वाचावे व दुसऱ्याने ताडावे, ही रीत उत्तम.
५) छापील प्रत टाकून देऊ नये. फाइल निरुपयोगी ठरली तरी कागदावरून मजकूर पुन्हा मिळविता येतो; उलट घडत नाही.
६) इतिहास विभागाच्या साधनचिकित्सेच्या अध्यापनात मोडीवाचनाबरोबर जुन्या फाँटच्या फाइलींची ओळख समाविष्ट करावी.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. संगणकीकरण म्हणजे जतन नव्हे. फाइलीचा अर्थ लावणारे ज्ञान जपले तरच फाइल जपली असे म्हणता येते. मराठी मजकुराची अडचण ही लिपीच्या अंगभूत दोषातून नव्हे, तर मानक उपलब्ध असताना ते बाजूला ठेवून केलेल्या तात्कालिक सोयीतून निर्माण झाली. अर्थात त्या सोयीनेच ग्रामीण मुद्रणास बळ दिले, हेही तितकेच खरे. भूमिका-खेळांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव दाखवितो, की खाजगी स्वरूपात बंदिस्त केलेली माहिती संपन्न देशातही सुरक्षित राहत नाही. या अडचणीचा सर्वाधिक फटका वडवणीसारख्या तालुक्यांना बसणार आहे, कारण मोठ्या शहरांच्या इतिहासाची साधने अनेक ठिकाणी विखुरलेली असतात, तर लहान गावाच्या पुस्तिकेची एखादीच प्रत व एखादीच फाइल शिल्लक असते.

मोडी वाचणारे अजून आहेत, म्हणून मोडी दफ्तरे वाचली जात आहेत. जुन्या फाँटमध्ये काम केलेले टंकलेखक व मुद्रक आज आपल्यात आहेत. कोणत्या कळीवर कोणते अक्षर होते, हे त्यांच्या बोटांना अजून आठवते. त्यांच्याकडून हे ज्ञान नोंदवून घेण्यास खर्च फारसा नाही, वेळ मात्र मर्यादित आहे. हे काम आपल्या महाविद्यालयांनी याच पिढीत हाती घ्यावयास हवे.